सात नंबरच्या वळणाची रजा

शर्यतीच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी दुपारी दोन वाजता, सात नंबरच्या वळणाने तीन दिवसांच्या किरकोळ रजेचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला आणि मंजुरीची वाट न पाहता ते निघून गेलं.

अर्ज डांबराने लिहिलेला होता. अक्षर उजवीकडे कललेलं, कारण हे वळण उजवं आहे. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' एवढंच. पाटबंधारे खात्याच्या आस्थापना शाखेत मी चौतीस वर्षं रजेचे अर्ज तपासले. 'घरगुती' या एका शब्दाखाली लोकांनी लग्नं, निवडणुका आणि पाच-पाच दिवसांचे क्रिकेटचे सामने उरकलेले मी पाहिले आहेत. एकाची आजी माझ्याच कारकिर्दीत चार वेळा वारली आणि दर वेळी तिचं वय कमी होत गेलं. तेव्हा मी आधी अर्जाची तारीख पाहिली, मग सही पाहिली, मग रजेच्या काळातला पत्ता. तिन्ही व्यवस्थित होतं. माझा संशय तिथेच बळावला.

आंबळे माळावरच्या आमच्या सर्किटला चौदा वळणं आहेत. निवृत्तीनंतर त्यांची सेवापुस्तकं ठेवायला मला घेतलं. तीन नंबर पावसाळ्यात कामावर उशिरा येतं, अकरा नंबरची बारा नंबरशी बोलाचाली नाही, बाकी तक्रार नाही. सात नंबरने तर अकरा वर्षांत एक दिवसाचीही रजा घेतली नव्हती. अशा कर्मचाऱ्यावर माझा कधीच विश्वास बसलेला नाही.

ते गेल्यामुळे सहा ते आठ हा रस्ता सरळसोट झाला. रस्ता पुन्हा जिथल्या तिथे यायला हवा, म्हणून आठ नंबरकडे अतिरिक्त कार्यभार दिला. शुक्रवारच्या सरावात ते दोन्ही वळणं एकट्याने वळलं आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या कडा उखडल्या.

एरवी एवढ्यावर भागलं असतं. पण ही ग्रँड प्री हंगामातली शेवटची होती आणि अजिंक्यपद तिच्यावर ठरणार होतं. अनुजा इंगवले सात गुणांनी पुढे होती. सिद्धांत कारखानीस तिच्या मागे. पहिल्याला बारा गुण, दुसऱ्याला सात, तिसऱ्याला चार. म्हणजे सिद्धांत जिंकला तर अनुजाला दुसरं येणं भाग होतं. तिसरी आली की एका गुणाने गेलं.

सिद्धांतची गाडी सरळ रस्त्यावर कोणाला ऐकत नसे. अनुजा जे काही कमवायची ते वळणांवर, आणि त्यातलं बरंचसं सात नंबरवर. तेव्हा ते रजेवर गेल्याबरोबर पिटमध्ये, गाड्यांच्या तळावर, सगळ्यांनी सिद्धांतच्या मॅनेजरकडे, धनावड्यांकडे पाहिलं. गुरुवारी धनावडे मोजायची टेप घेऊन सात नंबरच्या आसपास फिरत होते, हे मी स्वतः पाहिलं होतं आणि लिहूनही ठेवलं होतं.

पण साडेचारच्या सुमारास आमचे कार्यवाह मुळीकसाहेब नियमपुस्तिका घेऊन माझ्याकडे आले आणि त्यांनी एकोणिसाव्या कलमावर बोट ठेवलं. चौदापेक्षा कमी वळणांवर झालेल्या शर्यतीला निम्मे गुण. निम्मे म्हणजे जिंकणाऱ्याला सहा. अनुजा सातने पुढे. ती रविवारी घरी झोपून राहिली असती तरी अजिंक्य ठरली असती.

आता सगळ्यांनी अनुजाकडे पाहिलं. दर गुरुवारी ती सात नंबरच्या कडेला अर्धा तास एकटीच बसते, हेही मी लिहून ठेवलेलं होतं. मुळीकसाहेबांनी ते वाचलं, मग माझ्याकडे पाहून विचारलं, की अर्ज नेमका माझ्याच टेबलावर कसा आला. मी म्हटलं, आस्थापना शाखेचं टेबल एकच आहे. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

संध्याकाळी अनुजा ऑफिसात आली. हेल्मेट टेबलावर ठेवून उभीच राहिली.

"काका, त्याला परत आणा."

मी तिला एकोणिसावं कलम दाखवलं. तिला ते पाठ होतं.

"बाबांवर डिझेलचोरीचा आळ आला होता," ती म्हणाली. "तीस वर्षं एसटी चालवली, एक अपघात नाही. चौकशीत निर्दोष सुटले. गावात अजून म्हणतात, ते डिझेलवाले इंगवले. मला असलं अजिंक्यपद नको."

हे बोलणं मला मनापासूनचं वाटलं. म्हणून मी ते टिपून ठेवलं आणि पुढे प्रश्नचिन्ह घातलं.

रजेच्या काळातला पत्ता असा होता: तांबडखिंड घाट, अठराव्या किलोमीटरजवळ, थोरल्या भावाकडे. शनिवारी सकाळी सातच्या एसटीने मी निघालो. घाट सुरू होताना कंडक्टरने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आज घाटात एक वळण जास्त आहे, पाहुणे आलेत, गाडी पाच मिनिटं लेट होईल. पुढच्या सीटवरच्या एका बाईंनी पिशवीतून लिंबू काढून नाकाशी धरलं.

सात नंबर लांबूनच ओळखू आलं. त्याच्या कडेचे लाल-पांढरे पट्टे घाटात दुसऱ्या कोणाला नव्हते. त्याच्या शेजारी थोरलं वळण होतं: अंगठ्याएवढ्या जागेत पूर्ण उलटं फिरणारं, कठड्याचे दगड पडलेलं, आणि पुढ्यात एक गंजकी पाटी, 'हॉर्न द्या'.

मी उतरलो आणि खालच्या आवाजात विचारलं, की घरगुती म्हणजे नेमकं काय. वळणं फार बोलत नाहीत. विचारलं तेवढ्यालाच उत्तर देतात.

"आज पाच वाजता नवा पूल सुरू होतोय," सात नंबर म्हणालं. "गाड्या परस्पर पलीकडे जाणार. दादाला ते बघवणार नाही. सोमवारी इंजिनिअर मोजणीला येतील. तोवर जागेवर वळण नसलं, तर अडतीस वर्षांच्या नोकरीत गैरहजेरी लागेल. म्हणून तोवर जागा मी धरून बसणार, दादा कुठेतरी जाऊन येईल."

मी पूल प्रत्यक्ष जाऊन पाहिला. पूल होता. उद्घाटनाच्या दिवशी पूल तयार असणं ही गोष्ट मला पुन्हा संशयास्पद वाटली, म्हणून मी त्याच्यावरून दोनदा चालत गेलो. काही झालं नाही.

परत आल्यावर मी थोरल्या वळणाला विचारलं, की कुठे जायचं ठरलं आहे. ठरलं काहीच नव्हतं. अडतीस वर्षांत ते कुठे गेलेलंच नव्हतं. मी बॅगेतून कागद काढला आणि तिथेच, कठड्याच्या दगडावर ठेवून, हंगामी नेमणुकीचा आदेश लिहिला: एक दिवसाकरिता, सात नंबरच्या रिक्त जागी.

"येईन," थोरलं वळण म्हणालं. "पण पाटी बरोबर येईल."

शेवटच्या एसटीच्या टपावर बसून आम्ही आलो, म्हणजे ते टपावर आणि मी आत. रविवारी सकाळी सहाला ते जागेवर हजर झालं. चौदा वळणं पुरी झाली. पूर्ण गुण लागू झाले.

आता धनावडे अस्वस्थ झाले. शनिवारच्या पात्रता फेरीत सिद्धांत पहिला आणि अनुजा दुसरी आली होती, आणि आता अजिंक्यपदाची संधीही परत मिळाली होती, तेव्हा खरं तर त्यांनी आनंदी व्हायला हवं होतं. पण हातातलं अजिंक्यपद ही पोरगी सोडते कशी, हे त्यांना पचेना. त्यांनी तीन इंजिनिअर पाठवले. तिघांनी वळणाची त्रिज्या मोजली, उतार मोजला, डांबराचं तापमान घेतलं. एकाने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पाठ टेकायला पाटी बरी पडली.

अनुजा आली ती आधी वाकली आणि डांबराला हात लावून तिने तो कपाळाला लावला. मग उभी राहून पाटी वाचली. इंजिनिअरला जरा बाजूला व्हायला सांगून पुन्हा वाचली.

"हे बाबांचं वळण," ती मला म्हणाली. "ह्याला हॉर्न दिल्याशिवाय हे सोडत नाही."

तिने घरी निरोप धाडून वडिलांच्या जुन्या स्कूटरचा हॉर्न मागवला आणि गाडीला बसवून घेतला. त्यानंतर तिने जे केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ती सरळ सिद्धांतच्या पिटमध्ये गेली आणि त्याला म्हणाली, "गाडीला हॉर्न लावून घे. सातवर लागेल."

सिद्धांत बिचारा हॉर्न शोधायलाच निघाला होता. धनावड्यांनी त्याला खांद्याला धरून बसवलं.

"ती स्वतःहून सांगतेय," धनावडे म्हणाले, "म्हणजे नक्की काहीतरी आहे. वजन वाढवायचा डाव आहे."

एकशे ऐंशी ग्रॅमचा तो डाव त्यांनी हाणून पाडला.

शर्यत चाळीस फेऱ्यांची. पहिल्या फेरीत सिद्धांत पुढे होता. तो सात नंबरच्या जागी आला, वळला, आणि वळत राहिला. वळण संपेना. प्रेक्षकांना त्याची गाडी एकाच जागी एकाच दिशेने वळताना एकोणीस सेकंद दिसत होती. मागून अनुजा आली, तिने पों केलं आणि ती सहा सेकंदांत बाहेर पडली. बाकीच्या चालकांचीही सिद्धांतसारखीच गत झाली. त्यातला एक शिट्टी वाजवून पाहत होता, असं नंतर कळलं.

दहाव्या फेरीला अनुजा दोन मिनिटांनी पुढे होती. मुळीकसाहेब माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, की थोरल्या वळणाचे आणि इंगवल्यांचे जुने संबंध होते हे मला माहीत होतं का. मी म्हटलं, सकाळी सहानंतर माहीत होतं. त्यांनी ते त्यांच्या डायरीत लिहिलं. मीही माझ्या डायरीत लिहिलं, की त्यांनी लिहिलं.

अकराव्या फेरीला धनावड्यांनी सिद्धांतला आत बोलावलं. पार्किंगमधल्या भाजीच्या टेम्पोचा हॉर्न काढून त्याच्या गाडीला बांधला. टेम्पोवाला कागदावर लिहून द्या म्हणत होता, त्यात आणखी थोडा वेळ गेला. त्यानंतर मात्र वळणाने त्याला एकदाही अडवलं नाही. सरळ रस्त्यावर तो फेरीमागे पाच-पाच सेकंद खात आला आणि चाळिसाव्या फेरीत सहा नंबर ओलांडताना अनुजाच्या चाकाला चाक लावून होता.

दोघेही एकदम वळणात शिरले. तिथे दोन गाड्या मावत नाहीत. घाटात असं झालं तर एक गाडी कठड्यावर जाते नाहीतर दरीत, आणि आमच्याकडे दरी नसली तरी वळणाला ते माहीत नव्हतं. मी उभा राहिलो. अनुजाची गाडी तिथेच राहिली असती तर वर्षभराचं सगळं तिथेच राहिलं असतं.

आधी टेम्पोचा हॉर्न ऐकू आला. मग स्कूटरचा. दोन्हींत निमिषाचं अंतर होतं.

अनुजाचा उजवा हात गाडीबाहेर आला आणि संथपणे, कोपरापासून, पुढे-मागे हलला. एसटीचे ड्रायव्हर मागच्याला वाट देताना करतात तसा. सिद्धांत पुढे गेला आणि जिंकला. ती पाठोपाठ, दुसरी. बारा आणि सात. अनुजा इंगवले दोन गुणांनी अजिंक्य.

धनावड्यांनी करंडक उजव्या हातात धरला आणि डाव्या हाताने मला तक्रारअर्ज दिला. त्यांचं म्हणणं होतं, की आपल्याला जिंकू देण्यात आलं, सबब चौकशी व्हावी. मी रीतसर अनुजाचा जबाब घेतला. तो एका ओळीचा आहे: "त्याने आधी हॉर्न दिला होता."

सात नंबर सोमवारी रुजू झालं, पण अकरा वाजता. अर्ध्या दिवसाची रजा लावली. मोजणीत त्याच्या भावाची हजेरी पूर्ण भरली, असं त्याने सांगितलं. मी घाटातल्या ऑफिसला पत्र टाकून खात्री करून घेतली.

अनुजाच्या गावी मी मुद्दाम जाऊन आलो. चहाच्या टपरीवर विचारलं, इंगवल्यांचं घर कुठे. टपरीवाल्याने उलट विचारलं, "कोणते? ते हॉर्नवाले?" शेजारचा एक जण हळूच म्हणाला, की तो हॉर्न मुळात त्यांच्याच स्कूटरचा होता का, हे एकदा बघायला पाहिजे.

थोरल्या वळणाला आता घाटात जागा नाही. त्याची हंगामी नेमणूक मी महिन्या-महिन्याने वाढवतो. ट्रॅकवर पंधरावं वळण मंजूर नसल्यामुळे त्याला ऑफिसातच, माझं टेबल आणि पाण्याचा माठ यांच्यामधल्या बोळात बसवलं आहे. पाटीही तिथेच आहे. पाणी प्यायला जाताना मी तोंडाने पों करतो आणि दोन पावलांत पलीकडे पोचतो.

मुळीकसाहेबांना यात माझा काहीतरी हेतू दिसतो. ते हॉर्न देत नाहीत. आज ते साडेअकराला पाणी प्यायला उठले. आता चार वाजत आले आहेत. अधूनमधून त्यांची पाठ दिसते.