मशीनसाठी खाल्लेली सॉसेजं

इस्पितळाच्या पत्राला लिंडसे पास्कोने सात आठवडे उत्तर दिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पोटातल्या महाधमनीला फुगवटा आला होता. डॉक्टरांनी आत नळी बसवून तो आवरला. नळी गळत नाही ना, हे दरवर्षी बघायचं. यंदा सोनोग्राफी हवी की सीटी स्कॅन, एवढंच पत्रात विचारलं होतं. निवृत्त ग्रंथपाल लिंडसेने नऊ मसुदे केले. एकात सीटीचा अपमान होत होता, दुसऱ्यात सोनोग्राफीची खुशामत.

मग दुसरं पत्र आलं. उत्तर नाही, सबब गुरुवारी दूर होबार्ट शहरात सीटी.

"त्यात शिरेतून औषध टोचतात. तुझी मूत्रपिंडं आधीच थकलीत," बायको ग्लेनिस म्हणाली. "एक शब्द लिहायचा होता, लिंडसे. कादंबरी नव्हे."

बुधवारी सकाळी तिने फोनवर भांडून गावातल्या इस्पितळात अकराची सोनोग्राफी मिळवली. चित्र नीट आलं तर सीटी रद्द. मात्र उपाशीपोटी यायचं. लिंडसेला दारात उतरवून ती गाडी लावायला गेली.

दारात शेजारची नेरिडा इस्पितळाच्या निधीसाठी सॉसेज भाजून विकत होती. पाटीवर लिहिलं होतं : 'नव्या सोनोग्राफी मशीनसाठी'.

"घे की, लिंडसे. तुझ्याच कामाचं मशीन आहे."

नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. पावात सॉसेज, वर परतलेला कांदा. तिने दुसरं पुढे केलं, तेही खाल्लं. वर लेमोनेड.

आत तंत्रज्ञ ब्रॉनी बराच वेळ त्याच्या पोटावर यंत्र फिरवत राहिली. पडद्यावर नुसतं धुकं.

"मिस्टर पास्को, सगळा गॅस दिसतोय. नळी नाही. काय खाल्लंत?"

"सॉसेज. दोन."

"कांदा?"

"भरपूर. पण मशीनसाठीच."

"मशीनला विचारलंत का?"

ग्लेनिस पोचली होती. "दारात तुम्हीच खायला घालता आणि आत उपाशी आहात का विचारता? ही कुठली रीत?"

"चारला परत या," ब्रॉनी म्हणाली. "तोवर फक्त पाणी. तेव्हाही दिसलं नाही, तर उद्या होबार्ट."

ग्लेनिसने त्याला चारपर्यंत गाडीत बसवलं, काचा वर करून, कांद्याचा वास येऊ नये म्हणून.

चार वाजता ब्रॉनीने पडदा त्याच्याकडे वळवला. "नळी जागेवर. गळती नाही. फुगवटाही आकसलाय. सीटी रद्द."

घरी येताच लिंडसेने दहावा मसुदा एका दमात लिहिला.

"तपासणी झाली. आता कसलं उत्तर?" ग्लेनिसने विचारलं.

"त्यांनी विचारलंय," तो म्हणाला. इतकं चिडलेलं तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्याने टाकलेल्या पत्रात दोनच ओळी होत्या : 'सोनोग्राफी. त्या दिवशी दारात कांदा भाजू नये.'