तानसेचं नाव जातं कुठे?

आमच्या एव्हरशाईन सिटीत नवं बिऱ्हाड आलं, की टेम्पोतून कपाट उतरायच्या आत नाना पुढे होतात. गाव नाही, आडनाव नाही; "नदी कुठली तुमची?" एवढंच विचारतात. माझा जन्म दादरचा. घाईघाईत "मिठी" म्हणून गेलो. आजारी माणसाच्या नातेवाइकाकडे बघावं तसं नानांनी माझ्याकडे बघितलं आणि खांदा थोपटून म्हणाले, "होईल, होईल बरी."

नाना वैतरणेकाठचे, वाडा तालुक्यातले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडण पार्किंगचं असो की टाकीचं, ते उठून "नकाशा उघडा!" म्हणणार आणि स्वतःच उघडणार. अर्नाळ्याजवळच्या पाण्याला कोणी नुसतं खाडी म्हटलं तर संपलंच. "नदी म्हातारी झाली की तिचं नाव काढून घेता?"

पण त्यांचा खरा राग वेगळाच. तानसा वैतरणेला मिळते आणि तिथून समुद्रापर्यंत नाव फक्त वैतरणेचं. "पाणी दोघींचं, नाव एकीचं. हा कुठला न्याय?" स्वतः वैतरणेचा माणूस तानसेची वकिली का करतो, हे आम्हाला कळत नसे. त्यांना एकदा संगमावर उभं राहून दोन्ही नावं मोठ्याने घ्यायची होती. गुडघे कुरकुरू लागले होते. यंदा नाही तर कधीच नाही, असं ते रोज लिफ्टमध्ये सांगत.

शेवटी मी शब्द दिला. इथेच घोटाळा झाला.

अर्नाळ्याच्या पास्कूमामांची होडी ठरवली. भरती बघून सकाळी लवकर या, असं त्यांनी बजावलं होतं. माझा समज असा, की होडी म्हणजे रिक्षा. आपण बसलो की निघते. नाना आणि त्यांच्या पत्नी शैलाकाकू, दोघांना घेऊन निघालो आणि वाटेत निर्मळला थांबलो. संगमाला हार हवा, आम्हाला केळी हवीत. मग केळीवाल्याशी गप्पा. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पास्कूमामा पाण्याकडे बघत उभे. "पानी उतरायला लागलंय. संगमापरयंत नाय जमायचं."

"चला हो मामा, मी आहे ना," मी म्हणालो. पाण्याचा माझा अनुभव बादलीपुरता.

अर्ध्या वाटेत होडी चिखलात बसली. दोन्हीकडे तिवरं, मध्ये आम्ही आणि हार. "आता पानी चढंल तवाच हलंल," मामा म्हणाले आणि विडी पेटवून मोकळे झाले. संगम पुढच्या वळणांपलीकडे कुठेतरी. नाना तिकडे टक लावून बसले. त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून मी विनोद केला. असे विनोद मला नेमके नको तिथे सुचतात.

"सोडा हो नाना. सासरी आली की नाव बदलायचंच. तानसा तरी कुठे तक्रार करते?"

मामा चांगलं चालणारं इंजिन तपासू लागले.

शैलाकाकू शांतपणे केळं सोलत होत्या. "मी मथुरा होते," त्या मला म्हणाल्या. "माहेर वज्रेश्वरीकडचं, तानसेकाठी. सासूबाईंना शैला आवडायचं. लग्नात ताटातल्या तांदळांवर यांनीच अंगठीने लिहिलं. दोनदा चुकलं, पुसून पुन्हा लिहिलं. मला वाटलं, चला, मुलगा गरीब दिसतोय." त्यांनी अर्धं केळं नानांच्या हातात दिलं. "मला आता काही वाटत नाही हो. यांनाच वाटतं."

नाना केळ्याकडे बघत राहिले. "तुला विचारलंच नाही मी तेव्हा."

"कोण विचारायचं तेव्हा?"

दुपार कलल्यावर पाणी चढलं, होडी हलली. मी हात जोडून मामांना संगमाकडे चला म्हणालो. पण नानाच म्हणाले, नको, उन्हाने हिला त्रास होतोय, मागे फिरवा. हार त्यांनी तिथेच पाण्यात सोडला. दोन नावं काही घेतली नाहीत.

अर्नाळ्याचा किनारा दिसू लागला. काकू पुढच्या टोकाला पाठमोऱ्या बसल्या होत्या. नाना होडीचा काठ धरून उभे राहिले. गुडघे वाजलेले मला ऐकू आले.

"मथुरा," त्यांनी हाक मारली.

काकू हलल्या नाहीत. इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसेल, म्हणून मी सांगायला पुढे सरकलो, तर मामांनी माझा हात धरला.

"मथुरा."

काकूंची मान हळूच वर झाली. वळायच्या आधीच, परकरातल्या पोरीने अंगणातून द्यावी तशी त्यांनी ओ दिली.