फक्त दोनच केबिन शिल्लक

"थांबू या की जरा," एवढंच मी म्हणालो होतो. त्या चार शब्दांपायी आज मी स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा राहतो आहे. तेही नकोशा पाहुण्यासारखा.

मी किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवासी जहाजं चालवणाऱ्या एका कंपनीत कारकून आहे. जहाजाशी माझा संबंध इतकाच, की कंपनीच्या वेबसाइटवर रोज सकाळी प्रत्येक सफरीपुढे लाल अक्षरांत 'फक्त दोनच केबिन शिल्लक!' असं टाकायचं. केबिन दोन असोत, वीस असोत, नाहीतर अख्खं जहाज रिकामं असो. (साहेबांचं म्हणणं, दोन हा आकडा काळजाला भिडतो. एक लिहिलं तर लोक नाद सोडतात आणि तीन लिहिलं तर म्हणतात, जेवून मग बघू.) अशी रोज थाप मारून मी चहाला जातो.

तर एका सकाळी बायको मोबाईल घेऊन धावत स्वयंपाकघरातून आली.

"अहो, ताईच्या गावाला लागणाऱ्या जहाजाच्या फक्त दोनच केबिन उरल्यात! आत्ताच्या आत्ता घ्या!"

ताई म्हणजे हिची थोरली बहीण. तिचं घर एका चिमुकल्या बंदराच्या धक्क्यावर आहे. बसने जायचं तर सगळा डोंगराचा रस्ता. हिला दुसऱ्याच वळणावर ओकाऱ्या सुरू होतात आणि ताईंचे गुडघे असे, की बसची पायरी म्हणजे त्यांना शिखर. त्यामुळे दोघी बहिणी फोनवर रोज भेटतात आणि प्रत्यक्षात कित्येक वर्षांत भेटलेल्या नाहीत. त्यातून आमच्या कंपनीने पुढच्या हंगामापासून छोटं जहाज बंद करून मोठं एकटंच ठेवायचं ठरवलेलं. मोठं जहाज त्या चिमुकल्या धक्क्याला लागत नाही. म्हणजे छोट्या जहाजाची ही शेवटची फेरी हुकली, की संपलंच.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी हसलो. अगदी जाणकार माणसासारखा हसलो.

"अगं वेडे, ते 'दोनच' मीच लिहितो! थांबू या की जरा. लोक शेवटी केबिन रद्द करतात. थांबलं की बाल्कनीवाली मिळते."

"आणि या वेळी खरंच दोन असल्या तर?"

"खरंच दोन?" मी इतका हसलो की चहा नाकात गेला.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. "झालं का गं बुकिंग?" हिने सांगितलं, "हे म्हणतात थांब." पलीकडे ताई नुसत्या "हं" म्हणाल्या. त्या 'हं'कडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

पुढे मी थाटात बुकिंगच्या टेबलाशी गेलो. तिथे आमच्या बुकिंगवाल्या बाई असतात. मला म्हणाल्या, "छोटं जहाज? ते भरलं. शेवटच्या दोन होत्या, एकाच बाईंनी घेतल्या. एक स्वतःला आणि एक नवऱ्याला. नवरा फार घोरतो म्हणे."

"घोरण्यासाठी स्वतंत्र केबिन?" मी ओरडलो. "काय स्वार्थी बाई आहे! आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तुम्हीच तर रोज लिहीत होता," बाई म्हणाल्या.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच. घरी आलो तर ही ताईंसाठी गुडघ्यांचे लोकरीचे पट्टे विणत बसलेली. एक झाला होता, दुसरा सुयांवर होता. मान वर करून तिने विचारलं, "झालं?"

आता खरं सांगायची हीच वेळ होती. पण त्या दुसऱ्या पट्ट्याकडे बघून माझ्याने ते सांगवेना. मी म्हणालो, "झालं."

आणि लगेच शहाणपणा केला. "ताईंना मात्र सांगू नकोस हं. अचानक जाऊन उभे राहू!" (थाप लपवायला दुसरी थाप लागते, पण ती इतकी प्रेमळ निघेल असं मलाही वाटलं नव्हतं.) हिचे डोळे भरून आले. "तुम्हाला किती कळतं हो," ती म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या जहाजाची केबिन घेतली. बाल्कनीवाली. हे जहाज ताईंच्या बंदरासमोरून जातं, थांबत नाही. म्हटलं, काहीतरी होईल. धुक्यात बंदरच दिसणार नाही, इंजिन बिघडेल, नाहीतर कप्तानालाच पाझर फुटेल.

जहाजावर चढताना ही मान वर करकरून बघत होती. "अहो, हे केवढं थोरलं! ते तेवढ्याशा धक्क्याला लागेल का?"

"लावतात," मी म्हणालो.

सकाळी ताईंचं बंदर दिसू लागलं तेव्हा ही नवे कपडे घालून, हातात पट्ट्यांची पिशवी घेऊन, डेकवर सगळ्यांत पुढे उभी होती. शेजारच्या एका म्हाताऱ्या प्रवाशाला सांगत होती, "ते निळं दार दिसतंय ना, ती आमची ताई!" मी कप्तानाकडे जाऊन आलो होतो. कप्तान अगदी सभ्यपणे म्हणाला, "साहेब, तिथे लावलं तर जहाज कायमचं तिथेच राहील."

निळं दार समोर आलं आणि सरकू लागलं.

"अहो, हा थांबवत का नाही?"

मी सगळं सांगून टाकलं. पुटपुटत, रेलिंगवरचा रंग खरवडत. ही ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "रोज लांडगा आला, लांडगा आला म्हणून तुम्हीच ओरडायचं आणि लांडगा खरंच आला की हसायचंही तुम्हीच." आणि पिशवी घट्ट धरून निळ्या दाराकडे बघत राहिली. मला समुद्रात उडी मारावीशी वाटली. (पोहता येत नाही. तेही तेव्हाच आठवलं.)

तेवढ्यात समोरून आमच्याच कंपनीचं छोटं जहाज आलं. परतीच्या वाटेवर ताईंच्या बंदरातून नुकतंच सुटलेलं. त्याच्या डेकवर एक बाई खुर्चीत बसून जोरजोरात हात हलवत होती. इतक्यात हिचा फोन वाजला.

"अगं, त्या मोठ्या जहाजावर हिरव्या कपड्यातली तू का गं?" ताईंचा आवाज.

"ताई? तू कुठे चाललीस?"

"तुझ्याकडे! हे म्हणतात थांब, असं तू म्हणालीस. म्हटलं, जावईबापूंच्या हातचं लिहिलेलं, खोटं कसं असेल? घेऊन टाकल्या दोन्ही. एक मला आणि एक यांना. हे घोरतात ना! तुम्हाला चकित करणार होते."

"अगं पण आम्ही तुझ्याकडे येत होतो!"

दोन्ही जहाजांनी एकमेकांना भोंगे दिले. दोघी बहिणी इकडून तिकडून हात हलवत होत्या, हसत होत्या, रडत होत्या आणि लांब जात होत्या. माझे साडूभाऊ कुठे दिसले नाहीत. ते केबिनमध्ये झोपले असणार. माझ्या केबिनमध्ये.

जरा वेळाने हिने डोळे पुसून विचारलं, "आपल्याकडून ताईकडे जाताना त्या दोन केबिन रिकाम्याच गेल्या असतील ना हो?"

"हो," मी म्हणालो. "आमच्याकडे अख्ख्या फेरीची विकतात. चढा कुठूनही."

त्यानंतर परत येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. बाल्कनी होती, म्हणून मी बाल्कनीत बसलो.

घरी पोचलो तर किल्ली शेजाऱ्यांकडून घेऊन ताई घरात विराजमान. दोघींनी दारातच एकमेकींना जी मिठी मारली ती सुटता सुटेना. लोकरीचे पट्टे ताईंनी तिथल्या तिथे चढवले. ते बघून माझेही डोळे ओलावले, आणि वाटलं, चला, शेवट गोड झाला.

मग मी विचारायला नको ते विचारलं. "ताई, परत कसं जाणार? छोटं जहाज तर बंद झालं."

"जाऊ की," ताई म्हणाल्या. "कंपनी कधीतरी सोडेलच एखादं. तुम्हीच म्हणता ना जावईबापू, थांबलं की मिळतं?"

मी बायकोकडे बघितलं. ती पाहुण्यांची व्यवस्था लावत होती. आतल्या खोलीत दोघी बहिणी. दुसरी खोली साडूभाऊंना, कारण ते घोरतात. आणि दोन्ही सोफ्यांवर त्यांच्या बॅगा.

"तुमच्यासाठी हॉलमध्ये एकच गादी शिल्लक आहे," ती म्हणाली.

संध्याकाळचे सहासुद्धा वाजले नव्हते. जेवण व्हायचं होतं, पायात बूट तसेच होते. पण मी जराही न थांबता जाऊन त्या गादीवर आडवा झालो.