शेज लाँग आणि मामांचे पाय

फर्निचरमधलं मला फार कळतं! सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले, "पाय लांब करून बसायचं, नाहीतर सूज उतरणार नाही." मी त्याच संध्याकाळी आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये शेज लाँग आणून ठेवली.

"मामा, शब्द फ्रेंच आहे. शेज म्हणजे खुर्ची, लाँग म्हणजे लांब. पाठ खुर्चीत आणि पाय पलंगावर!"

सायखेड्याचे आमचे सासरे, कारभारीमामा, काठी टेकत आले आणि तिच्या काठावर बसले. पाय खाली लोंबकळते.

"पसरा की पाय!"

"जावयासमोर? आमच्यात नाय चालत, जावईबापू."

मी स्वयंपाकघरात गेलो आणि पडद्याआडून पाहिलं. मामा मस्त आडवे! तेवढ्यात मला शिंक आली. मामा ताडकन उठायला गेले आणि कळवळून खाली बसले.

"माझ्या वडिलांचा गुडघा मोडायचाय का तुला?" माझी बायको सृष्टी कडाडली.

झालं! मला हॉल बंद. ऑफिसचं काम मिक्सरशेजारी. बाथरूमला जाताना तीनदा खोकायचं, म्हणजे मामा पाय खाली घेणार. माझं खोकणं ऐकून शेजारच्या श्यामलाकाकूंनी अडुळशाचा काढा पाठवला, तोही प्यायलो! पण दर खोकल्याला मामांचे पाय खाली, सूज काही उतरेना. डॉक्टर रागावले. आता मात्र मला खरंच भीती वाटू लागली.

चौथ्या दिवशी दुपारी मामा आंघोळीला गेले होते. म्हटलं, बघू तरी कशी वाटते. टेकलो आणि डोळाच लागला.

जाग आली तेव्हा माझ्या अंगावर मामांचं उपरणं होतं. मामा समोर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून माझ्यावरच्या माश्या वारत होते. आणि माझे दोन्ही पाय थेट त्यांच्या छातीकडे!

"अरे बापरे! मामा, माफ करा!" मी उठायला गेलो, उपरण्यात अडकलो आणि फरशीवर आदळलो.

मामा खळखळून हसले. "लेकरू झोपलं की पाय कुठंबी होत्यात. आता तुमचे माझ्याकडं झाले, माझे तुमच्याकडं. फिटलं! सरका."

ते आडवे झाले आणि दुखरा पाय त्यांनी माझ्यासमोर लांब केला. मी टाचेखाली उशी सरकवली. मला भरून आलं होतं, म्हणून उगाच खोकलो. मामांनी पाय हलवलासुद्धा नाही.

पंधरा दिवसांत सूज उतरली. मामा सायखेड्याला निघाले, तेव्हा शेज लाँग मीच हौसेनं टेम्पोत चढवून दिली. शब्दाचा अर्थ तेवढा माझ्याकडे राहिलाय. कुणी विचारलं तर सांगतो, स्टुलावर बसून.