शेवाळाला वाचक हवा

बाबांचा शोधनिबंध एका आठवड्यात चारशे अकरा वेळा डाउनलोड झाला. विद्यापीठाच्या दफ्तरी मात्र असं काही घडल्याची नोंद नाही, त्यामुळे आपणही ते घडलंच नाही असं धरून पुढे जाऊ.

बाबा वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आयुष्यात त्यांनी एकच मोठा निबंध लिहिला: 'उत्तरेकडील ओल्या भिंतीवरील शेवाळाच्या वाढीची अकरा वर्षांची निरीक्षणे'. तो एका बड्या नियतकालिकात छापून आला आणि तिथेच कुलपात पडला. वर्गणीदाराखेरीज कुणाला तो उघडता येत नसे, आणि बाबांना तो वर्गणीदार एकोणीस वर्षांत भेटला नव्हता. याचं त्यांना दुःख नव्हतं. "फार मोठ्या ठिकाणी आलाय. सहजासहजी मिळत नाही," असं सांगताना त्यांचा आवाज आपोआप जड व्हायचा.

अडचण अशी की त्यांची मुलगी त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात खुल्या प्रवेशाच्या कक्षात कामाला होती. प्राध्यापकांच्या अशा कुलूपबंद निबंधांची त्यांच्याकडची, छापायला दिलेली शेवटची प्रत मिळवायची आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला ठेवायची, हे तिचं काम. वनस्पतिशास्त्राचे सगळे निबंध चढले होते. एक सोडून.

"घरचा माणूस ऐकत नाही, आणि तुम्ही निघालात जगाचं ज्ञान मोकळं करायला," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

तिने घरी येऊन पुन्हा विषय काढला. "बाबा, द्या ना ती प्रत."

"बंद आहे ते बरं आहे."

"पण का?"

"दमट विषय आहे. उघडा ठेवू नये."

शेवटी आईने माळ्यावरून फाइल काढली आणि त्यांच्यापुढे आपटली. फाइलला बुरशी आली होती. बाबांनी ती भिंगातून पाहिली, "साधीच आहे," म्हणाले आणि संमतिपत्रावर सही केली. सहीआधी त्यांनी मधलं एक पान उघडलं आणि पुन्हा मिटलं. बुरशी बघत असतील, असं सगळ्यांनी धरलं.

सोमवारी निबंध खुला झाला. त्याच्या शेजारी एक छोटा आकडा होता: आजवर किती जणांनी उतरवून घेतला. शून्य. मंगळवारी शून्य. बुधवारी बाबांनी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. आकडा ताजातवाना होऊन आला: शून्य. गुरुवारी त्यांनी दाढी करणं सोडलं.

"एकोणीस वर्षं वाटायचं, कुलूप आहे म्हणून कुणी येत नाही," ते जेवताना म्हणाले. "कुलूप काढलं, तर दाराशी कुणी नव्हतंच."

आईने मुलीला स्वयंपाकघरात ओढलं. "काहीतरी कर बाई. सकाळपासून भिंतीकडे बघत बसलेत. आणि आपली भिंत कोरडी आहे."

मुलीने ऑफिसातून निबंध उतरवून पाहिला. आकडा हलला नाही. कर्मचाऱ्यांनी आपापल्या माणसांचे आकडे फुगवू नयेत म्हणून विद्यापीठातून उतरवलेलं मोजायचंच नाही, असा नियम होता. तो तिनेच लिहिला होता.

"मग बाहेरच्यांना सांगू," आई म्हणाली आणि शिवणवर्गाला गेली.

शिवणवर्गात चाळीस बायका होत्या. आईने फक्त एवढंच सांगितलं, "आमच्या ह्यांची तब्येत बरी नाही, जरा हे बटण दाबा." बायकांनी मनापासून दाबलं. फोनवर निबंध उघडेना, म्हणून पुन्हा दाबलं. काहींनी घरच्यांनाही दाबायला लावलं. पुढच्या गुरुवारपर्यंत आकडा चारशे अकरावर गेला.

बाबांनी दाढी केली. कोट घातला. फिरायला जाऊन आले. शेजाऱ्यांनी "काय म्हणता?" विचारलं, तर "वाढतायत," म्हणाले.

शुक्रवारी ग्रंथपालबाईंनी मुलीला आत बोलावलं. त्यांच्या हातात यंत्राने आपणहून काढलेला अहवाल होता.

"सगळे वाचक एकाच गल्लीतले. प्रत्येकाने सरासरी चार सेकंद पान उघडं ठेवलंय. चार! अहो, नुसतं नाव वाचायला सात लागतात."

"विषय लोकप्रिय असेल."

"शेवाळ?"

ग्रंथपालबाईंनी अहवाल टेबलावर ठेवला.

"बनावट वाचनाचा प्रकार आहे हा. चौकशी होईपर्यंत निबंध बंद. निबंधात काय आहे ते लेखी सांगणारा एक तरी वाचक आणा. नाही तर आकडा शून्य, आणि तुमच्या फाइलमध्ये ताशेरा."

मुलीने शिवणवर्गात चौकशी केली. एका बाईंनी मदतीची तयारी दाखवली. "लिहून देते की. शेवाळ हिरवं असतं, असंच ना?" दुसरीने विचारलं, "पण आता कशी आहे तब्येत?"

आणि मग मुलीच्या लक्षात आलं की तिनेही निबंध वाचलेला नाही. चढवताना बावीस रकाने भरले होते: नाव, वर्ष, पानं, परवाना. 'वाचला का?' असा रकाना नव्हता.

रविवारी दुपारी ती वाचायला बसली. छत्तीस पानं. चौथ्या तक्त्यापाशी ती थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. मग उठून बाबांच्या खोलीत गेली. निबंध बंद झाल्यापासून ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"बाबा, सातव्या वर्षी शेवाळ उणे दोन सेंटिमीटर वाढलंय."

बाबा हळूच वळले.

"म्हणजे भिंतीच्या आत शिरलंय," ती म्हणाली. "चिन्ह चुकलंय. आणि त्यामुळे शेवटचा निष्कर्षही उलटा झालाय."

"चौथा तक्ता?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"छापून आला त्याच दिवशी." बाबांचा चेहरा उजळत गेला. तसा तो चारशे अकरालाही उजळला नव्हता. "पहिलं वर्ष धास्तीत गेलं, की आता कुणीतरी पत्र लिहून चूक दाखवणार. मग पुढची अठरा वर्षं वाट बघितली, की कुणीतरी दाखवेल. अगं ए, ऐकलंस का? हिने वाचलाय!"

"मग काय झालं?" आतून आई म्हणाली.

"चूक आहे त्यात!"

"मग एवढं ओरडताय कशाला?"

सोमवारी मुलीने साडेतीन पानी जबाब दिला. ग्रंथपालबाईंनी तो वाचला आणि पहिल्यांदाच थोड्या हळहळल्या. "वाचलंय खरं. ताशेरा नको ओढायला. पण तुम्ही कर्मचारी. शिवाय मुलगी. नियमात बसत नाही." निबंध पुन्हा खुला झाला. शेजारी आकडा होता: शून्य. आधीचे चारशे अकरा कधी नव्हतेच.

बाबांनी त्यावर चिडचिड केली नाही. त्यांनी कोट घातला, टेबलाशी बसले आणि ठळक अक्षरात अर्ज लिहिला:

"माननीय ग्रंथपाल यांस,

खाली सही करणारा असे निवेदन करतो की, त्याच्या निबंधातील चौथ्या तक्त्यात एक गंभीर चूक असून, ती सदर निबंध प्रत्यक्ष वाचल्याखेरीज सापडणे शक्य नाही. ती अर्जदाराच्या मुलीस सापडलेली आहे. चुकीची साक्षांकित प्रत सोबत जोडली आहे. तरी निबंधाशेजारील आकडा शून्यावरून एक करण्यात यावा. मुलगी असल्याने पूर्ण वाचक धरणे नियमात बसत नसल्यास, किमान अर्धा वाचक मंजूर करण्यात यावा, ही नम्र विनंती."