ट्रेवाल्याला टाळी

आमच्या शेजारचे बापूकाका सामंत भर दुपारी घरात एकटे बसून टाळ्या वाजवतात. इकडे परदेशात, आमच्या हॉर्नबी उपनगरात ते राहायला आले त्या आठवड्यात मी कुंपणापलीकडून त्या ऐकल्या आणि मला वाटलं, म्हातारा माणूस पडलाबिडला असेल, मदतीला बोलावतोय. जँडल्स म्हणतात त्या रबरी चपला पायात अडकवून धावत गेले, तर काका टीव्हीसमोर ताठ उभे! पडद्यावर कुठलीशी जुनी अमेरिकन मालिका, आणि तिच्यात एक चिनी दिसणारा माणूस ट्रे घेऊन दिवाणखान्यात येत होता.

"एन्ट्री झाली त्याची," काका म्हणाले. "एन्ट्रीला टाळी नको?"

"पण काका, तो नोकर आहे."

"म्हणूनच गो! हिरोला वाजवायला सगळी अमेरिका बसलीय."

काका मूळचे मालवणचे. मुंबईत पाणीखात्यात नोकरी केली आणि संध्याकाळी नाटकं. काकू गेल्यावर मेधानं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, त्यांना इकडे आणलं. मेधा हॉस्पिटलात नर्स, तिच्या ड्युट्यांना ताळतंत्र नाही. नात इरा कॉलेजच्या उंबरठ्यावर. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मग दुपारची सोबत कुणाची, तर टीव्हीची आणि सुट्टी असली की माझी. मी फार्मासिस्ट आहे, दिवसभर औषधांच्या चिठ्ठ्या वाचते. काकांच्या शेजारी बसलं की माणसं वाचायला मिळतात.

कारण काका हिरोकडे बघतच नाहीत. तो बोलायला लागला की चहा टाकायला उठतात. त्यांची नजर मागे उभ्या असलेल्या माळ्यावर, धोब्यावर, आचाऱ्यावर. "हा शिकलेला माणूस आहे, सांगून ठेवतो. नाकावर बघ, चष्म्याचा वळ आहे. आचाऱ्याला चष्मा नको म्हणून काढायला लावलाय." कधी ओरडतात, "अरे, हा परवा जपानी हेर होता ना? गोळी लागली होती छातीत! आज चिनी हॉटेलात भांडी घासतोय. बिचाऱ्याला मरायचीसुद्धा सोय नाही."

एकदा एक गोरा नट डोळ्यांच्या कडा ओढून, चिकटवून, 'पूर्वेकडचा ज्ञानी पुरुष' होऊन आला. काकांनी खुर्ची उचलली आणि टीव्हीकडे पाठ करून बसले.

"आपल्याकडेही पुरुष लुगडी नेसून कामं करत होतेच की," मी मुद्दाम काडी टाकली.

"तेव्हा बायका मिळत नव्हत्या! यांच्याकडे माणसं नव्हती होय? मागे ट्रे धरून उभी होती ना!"

इराला नटी व्हायचंय, आणि या वर्षी तिला इथल्या एका मालिकेत पहिलंवहिलं काम मिळालं. डेअरीवाल्याची मुलगी. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान, दुधापासून खिमा भरलेल्या पाय-पेस्ट्रीपर्यंत सगळं मिळणारं. चारच वाक्यं, पण पोरगी हवेत होती. अट एकच, बोलणं 'जरा इंडियन' हवं.

मी डबा परत द्यायला गेले तेव्हा इरा स्वयंपाकघरात तालीम करत होती. मान हलवत, 'र' वर जोर देत, "व्हेरी गुड, सर! एनीथिंग एल्स, सर?" हुबेहूब बापूकाका! मला हसू आवरेना. मग दारात बघितलं तर काका उभे.

इराचा चेहरा पडला. काका शांतपणे म्हणाले, "सरच्या आधी मी जरा थांबतो. तू थांबत नाहीस." आणि आपल्या खोलीत निघून गेले.

"आय वॉजन्ट मेकिंग फन ऑफ हिम," इरा रडवेली झाली. "बट इफ आय से नो, दे'ल टेक समवन एल्स. देअर आर हीप्स ऑफ गर्ल्स." खरंच होतं ते. पुढचे काही दिवस शेजारचा टीव्ही बंद होता.

शूटिंगच्या दिवशी मेधाची ड्युटी. गाडी मी काढली, तर काका इस्त्रीचा शर्ट घालून आधीच मागच्या सीटवर. दिग्दर्शिका तिशीतली, हसतमुख. "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करून तिनं सगळ्यांना कॉफी दिली, काकांचं "थँक यू, मॅडम" ऐकलं आणि आनंदानं इराला म्हणाली, "दॅट्स इट! अगदी आजोबांसारखं बोल."

इरा आजोबांकडे बघायला लागली. मग म्हणाली, "मी हॉर्नबीची आहे. इथल्या डेअरीतल्या मुली माझ्यासारख्याच बोलतात."

दिग्दर्शिका घुटमळली. "इट्स जस्ट अ बिट ऑफ फन..."

तेव्हा बापूकाका पुढे झाले. आपल्या मालवणी इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "मॅडम, धिस इंग्लिश आय लर्न्ट इन मालवण. शी लर्न्ट इन हॉर्नबी. डोन्ट पुट माय टंग इन हर माउथ. इफ यू वॉन्ट माय टंग, टेक मी. आय अॅम फ्री."

कॅमेरावाला हसला, आणि मग तीही. दोघांनाही घेतलं! इरा आपल्या नेहमीच्या भाषेत बोलली, आणि गल्ल्यामागे पेपर वाचत बसलेले आजोबा हिशेब चुकवणाऱ्या गिऱ्हाइकाला फक्त चष्म्यावरून बघतात, असा प्रसंग तिथल्या तिथे बसवला. त्या एका नजरेत माणसाची सगळी दुकानदारी दिसली. मला इतका अभिमान वाटला की मी अनोळखी साउंडवाल्याला सांगून टाकलं, "माझे शेजारी आहेत."

घरी आल्यावर इरानं विचारलं, "आजोबा, नाटकात व्हॉट डिड यू प्ले? मॉम सेज इन्स्पेक्टर."

काका बुटाची नाडी सोडायला वाकले. "गडी. रामा गडी. माझं बोलणं मालवणी ना, दुसरं कधी दिलंच नाही. बोललो की थिएटर हसायचं. मेधाला घरी इन्स्पेक्टर सांगायचो. नाटकाला कधी आणलं नाही. बापाला हसतात, हे पोरीनं कशाला बघायचं?"

इरा खाली बसली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "मग आता कर ना. मी बघते."

काका स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावरचा फडका खांद्यावर टाकून, गडी होऊन बाहेर आले. "सायबानू, चाय हाडलंय." ना वेंधळी चाल, ना ओढलेले हेल. मालवणातला कुठलाही माणूस आपल्या अंगणात बोलेल, तसं बोलले. साहेबांच्या घरातलं भांडण ऐकून न ऐकल्यासारखं करणारा एक शहाणा, दमलेला माणूस आमच्यासमोर उभा होता. आम्हा दोघींपैकी कुणीच हसलं नाही.

संपवून काका ओशाळले. "हशा नाही आला. पडलं वाटतं."

तेव्हा दाराकडे लक्ष गेलं. मेधा तिथं उभी होती, हॉस्पिटलच्या कपड्यांत, पर्स अजून खांद्यालाच. कधीची आली होती कुणास ठाऊक. तिनं पर्स खाली ठेवली आणि अगदी पुढची खुर्ची ओढून बसली.

"बाबा," ती म्हणाली, "सुरुवातीपासून करा. मला उशीर झाला."