तालाग्याच्या नीरफणसाची मोहीम

श्री संत रोके प्रसन्न. सान दियेगो मुक्कामी राहणारे चिरंजीव भाचे हेनारो यांस आशीर्वाद उपरी. तुम्ही पुसिले की, धाकट्या मावशीने आरमारी तळावर दंगा केला ऐसी वार्ता तिकडे आली, तर काय वर्तले ते साद्यंत लिहून पाठवावे. ऐसियास दंगा जाहला नाही, मोहीम जाहली. आणि ती ज्याने डोळां पाहिली व पातेले स्वहस्ते वाहिले, त्या तुमच्या चुलतमामानेच हे लिहिले असे.

प्रथम मुलूख टोपीकरांकडे, म्हणजे अमेरिकनांकडे, कैसा गेला ते कथितो. सन अठराशे अठ्ठ्याण्णवात अमेरिकेच्या दौलतीस दर्यापार मुलुखाची भूक लागली, आणि स्पेनच्या बादशाहीचे एकेक बेट तोडीत त्यांचे आरमार आमचे गुआमासी आले आणि तोफा डागिल्या. मग स्पॅनिश किल्लेदाराची माणसे ही सलामीच समजोन होडीत बसून गेली आणि उलट सलामीस दारू शिल्लक नाही ऐसी दिलगिरी सांगती जाहली, आणि युद्ध चालू असल्याचे त्यांस तेथे कळले. दुसरे दिवशी बेट गेले. आमच्या वडिलांस कोणी पुसिले नाही. पुढे जपानी आले, जपानी गेले, टोपीकर फिरोन आले, त्यांस पाहोन आमची माणसे रस्त्यात आनंदाने रडली. आणि मग बंदर मातबर म्हणोन त्यांनी तालागा गाव तळाखाली घेतला आणि त्याच माणसांस डोंगरावर तंबूंत नेऊन ठेविले. आत राहिले ते स्मशान, चर्चची एक भिंत आणि तुमच्या आजोबांनी लाविलेला नीरफणस. वर्षातून एक दिवस, संताच्या उत्सवास, परवाना दाखवोन आत जाता येते.

यंदा श्रावणात, म्हणजे तिकडील ऑगस्ट मासी, तुमची थोरली मावशी इसिद्राबाई, वय नव्वदीस एक कमी, अंथरुणास खिळली आणि आठ दिवस पाण्याखेरीज काही घेईना. वैद्य हरला, पाद्री येऊन गेला. मग उत्सवाचे आदले दिवशी तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "आपल्या झाडाचा नीरफणस असता तर खाल्ला असता बाई." एवढे बोलून भिंतीकडे तोंड केले. बाजारात नीरफणस ढिगाने होते. पण "आपल्या झाडाचा" ऐसे स्पष्ट फर्मान होते.

त्याजवर धाकटी बेर्नादिताबाई, वय एकोणऐंशी, हिने इसिद्राचे यजमान बालताझारराव, वय ब्याऐंशी, यांसी ओट्यावर मसलत केली. तळावर फळे तोडावयाची आकडी नेऊ देणार नाहीत. सबब संताच्या निशाणाच्या काठीस, जेथे कापड अडकवितात, तेथे लोखंडी आकडा जडविला आणि वरून झालर सोडिली. मग दुसरे दिवशी आम्ही चाळीस असामी बसमध्ये बसोन कूच केले. चौकीवर पहारेकऱ्यांनी सुऱ्या जप्त केल्या, डबे उघडोन यादी केली, रिकामे पातेले "रिकामे" म्हणोन लिहिले, आणि निशाणापुढे टोपी काढिली.

आत देखरेखीस लेफ्टनंट व्हिटकोम म्हणोन तरणा, उन्हाने लाल जाहलेला सरदार नेमिला होता. प्रार्थना आटोपली आणि बेर्नादिताबाई झाडाखाली उभी राहिली, तोच तो धावत आला.

"मॅडम, इथलं काही बाहेर नेता येत नाही. झाड सरकारी आहे."

"बाळा, माझे बाबा ह्या झाडासाठी खड्डा खणत होते तेव्हा सरकार कुठं होतं रे?"

"मला ठाऊक नाही, मॅडम. कागदावर तसं आहे."

"बघू तो कागद."

बाईने चष्मा लाविला आणि कलमे सावकाश वाचिली. झाड, पान, फळ, माती, दगड तळाबाहेर नेऊ नये. शिजविलेले अन्न उरल्यास तळावर टाकू नये, सोबत न्यावे.

"आणि इथंच भाजून खाल्लं तर?"

लेफ्टनंटाने कागद उलटा करून पाहिला. मागे कोरा होता. "खाण्याबद्दल काही लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

"आणि उरलं तर?"

"उरलेलं न्यावंच लागेल, मॅडम. नाहीतर दंड."

मग झालर उतरविली आणि मोर्चा लाविला. काठी बालताझाररावांनी धरिली. पहिले फळ अतिपक्व, ते त्यांच्याच खांद्यावर पडोन फुटले. दुसरे तळाच्या कोठाराच्या पत्र्यावर गेले आणि हाती लागले नाही.

"दाजी, डावीकडं! डावीकडं म्हटलं, चर्चकडं नव्हे!"

"साठ वर्षं तुझ्या बहिणीचं ऐकतोय, आता तुझंही ऐकू?"

"तिचं ऐकलं असतंत तर एव्हाना खाली आलं असतं!"

तिसरे फळ, हिरवे, घट्ट, नारळाएवढे, माझ्या टोपीत उतरले. मग ते उत्सवाचे मांस भाजावयास आणिलेल्या शेगडीवर अख्खे भाजिले, साल काळी जाहली तैसी चमच्याने उकलली आणि गर त्या रिकाम्या पातेल्यात नारळाच्या दुधात रटरटविला. मग पहिला वाटा लेफ्टनंटास दिला. तो उभ्यानेच खाऊ लागला. म्हणाला, घरी आजी बटाटे असेच करते, आणि वाटी पुढे केली. बाईने त्यास आणखी वाढिले आणि बाकीच्यांस दटाविले, "तुम्ही भात खा. ह्याला हात लावाल तर बघा."

परतताना चौकीवर पहारेकऱ्याने झाकण उघडले. "हे काय? यादीत रिकामं लिहिलंय."

बालताझारराव, जे कधी कोणापुढे वाकले नाहीत, त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरिला की चार दिवस वळ होता. लेफ्टनंट बसच्या दारात उभा होता. त्याने पातेल्याकडे पाहिले, म्हाताऱ्याच्या खांद्यावरच्या गराकडे पाहिले, मग यादी घेतली.

"जेवण आहे. उरलेलं," तो म्हणाला. "यादी चुकली असेल." आणि "रिकामे" शब्दावर रेघ मारून खाली आपले नाव घातले.

घरी पोहोचेतो ऊन उतरले होते. झाकण काढिले तैसी इसिद्राबाईने कूस पालटली. बेर्नादिताबाईने चमचा ओठांसी लाविला.

"मीठ कमी आहे," थोरली म्हणाली, आणि तोंड उघडे ठेविले.

पाच चमचे खाल्ले. मग पुसिले, "झाड केवढं झालंय गं?"

"दाजींच्या हाती लागेना एवढं."

"त्यांच्या हाती कधी काय लागलंय?"

बालताझारराव हसू लागले, आणि हसता हसता उठोन अंगणात गेले, आणि बराच वेळ आत आले नाहीत.

इसिद्राबाई त्यानंतर बारा दिवस होती. पातेले दोन दिवस पुरले. बंदर, तळ, झाड, स्मशान अद्याप सरकारात आहेत. त्यांपैकी एक नीरफणस आम्ही लढोन घेतला, तो दिवस सोळावा ऑगस्ट, वेळ दोन प्रहर, कोणाचे रक्त सांडले नाही. घडले तैसे लिहिले. पातेले घासून बेर्नादिताबाईकडे पोहोचते केले असे.